डाव मोडणारा मुलगा

"मॅडम, याला मुलांत मिसळताच येत नाही. रोज कोणाला तरी ढकलतो, नाहीतर कोणाचे काहीतरी मोडून ठेवतो. बाईंनी महिन्यात तिसऱ्यांदा बोलावले. आमचे संस्कारच कमी पडले का?"

शाळा सुरू होऊन दीड-दोन महिने झाले की हा प्रश्न या ना त्या शब्दांत माझ्याकडे येतोच. या वेळी तो विचारणारी आई पुण्याच्या एका उपनगरातली होती आणि मुलगा मोठ्या शिशूत, वय चार वर्षे आठ महिने. त्याला आपण निहार म्हणू; ओळख पटू नये म्हणून इतरही काही तपशील बदलले आहेत. घरात आईबाबा आणि आजीआजोबा असे चार मोठे, आणि मूल एकच.

अशा वेळी मी आधी कानांची आणि बोलण्याची तपासणी करून घेते, कारण ज्या मुलाला नीट ऐकू येत नाही किंवा शब्द वेळेवर सुचत नाहीत, त्याचे हात आधी बोलू लागतात. निहारच्या बाबतीत त्यात काही निघाले नाही. हाक मारली की तो वळून पाहत होता, खोटे खोटे दुकान मांडत होता, गोष्ट रंगवून सांगत होता. म्हणून मी नेहमीचा उपाय सुचवला: ज्या दिवशी कोणाला मारले नाही, त्या दिवशी तक्त्यावर एक चांदणी. चौथ्या दिवशी निहारने शेजारच्या मुलीच्या वहीवरची चांदणी काढून आपल्या तक्त्यावर चिकटवली, आणि आई शाळेच्या फाटकातच "आज मिळाली का?" असे विचारू लागली. ही चूक माझी होती. काय करायचे नाही एवढेच मी त्याला सांगितले होते. त्याऐवजी काय करायचे, हे मलाच ठाऊक नव्हते, कारण तो वर्गात नेमके काय करतो ते मी पाहिलेच नव्हते.

मग बाईंची परवानगी घेऊन एका सकाळी वर्गाच्या कोपऱ्यात जाऊन बसले. मुक्त खेळाची वेळ होती आणि तीन मुले लाकडी ठोकळ्यांचा पूल बांधत होती. निहार पाण्याच्या बाटलीचा पट्टा चावत थोड्या अंतरावर उभा राहिला, बराच वेळ पाहत राहिला, दोन पावले पुढे आला आणि पुन्हा थांबला. कोणीच वर पाहिले नाही. मग त्याने पाय मारून पूल पाडला. आरडाओरडा झाला, बाई धावत आल्या; पण त्या पोचण्याआधीच निहार त्या तिघांच्या मध्ये मांडी घालून बसला होता, ठोकळे गोळा करत होता आणि म्हणत होता, "आता परत बांधू."

त्याला डाव मोडायचा नव्हता, डावात शिरायचे होते. मोडल्यावर पुन्हा बांधावे लागते आणि बांधताना आपणही त्यात असतो, एवढाच हिशेब त्याला जमला होता.

दोन ते पाच वर्षांची मुले खेळात कशी सामील होतात, याचे निरीक्षण अमेरिकन संशोधक मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केले. लांबून पाहणे, शेजारी बसून आपापले खेळणे आणि मग एकत्र खेळणे हे त्यातले काही प्रकार. लांबून पाहणारे मूल बिघडलेले नसते, पण पाहण्यापासून शिरण्यापर्यंतचे अंतर प्रत्येकाला आपोआप कापता येत नाही. आपण मोठी माणसे मुलाला "मला खेळायला घ्या ना" असे म्हणायला शिकवतो. माझ्या अनुभवात हा सर्वांत कच्चा मार्ग आहे, कारण त्याला "नाही" म्हणणे फार सोपे असते. जी मुले सहज शिरतात ती आधी पाहून काय चालले आहे ते ओळखतात आणि त्या खेळाला उपयोगी पडेल असे काहीतरी करतात.

जुन्या वाड्यांत आणि चाळींत याची सोय होती. धाकट्या भावंडाला कच्चा लिंबू म्हणून घेत. त्याच्यावर राज्य येत नसे, तो बादही होत नसे, पण डाव कसा चालतो हे आतून पाहत असे. आता एका वर्गात सगळे एकाच वयाचे असतात आणि सगळेच कच्चे असतात.

घरातले चित्र निराळे होते. निहारला कुठे शिरावेच लागत नव्हते; चारही मोठी माणसे त्याच्या खेळात शिरण्यासाठी टपलेली होती. सापशिडीत आजोबा मुद्दाम हरत. मी त्याबद्दल बोलले तेव्हा ते थोडे दुखावलेच. "एवढ्याशा पोराला हरवून मला काय मिळणार?"

शाळा आणि घर यांची अशी फारकत असली की कोणा एकाला शिकवून भागत नाही. अमेरिकेत सिएटलच्या मानसशास्त्रज्ञ कॅरोलिन वेबस्टर-स्ट्रॅटन यांनी लहान मुलांच्या वागणुकीसाठी उभारलेल्या कार्यक्रमात म्हणूनच पालक, शिक्षक आणि मुले या तिघांसाठी वेगवेगळी सत्रे असतात, मुलांशी बाहुल्यांमार्फत बोलले जाते, आणि पालकांची सुरुवात शिस्तीपासून न होता मुलाच्या कलाने खेळण्यापासून होते. शिक्षण घराच्या अंगणापर्यंत नेण्याचे काम आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड परिसरात फार पूर्वी केलेले आहे, त्यामुळे यात परके असे काही नाही. आम्हाला जमेल तेवढे आम्ही घेतले.

बाईंनी जुन्या मोज्याची बाहुली केली, मुलांनी तिचे नाव गुंड्या ठेवले. गुंड्या वर्गाला विचारी, "मला पुलाच्या खेळात यायचंय, काय करू?" तिसऱ्या दिवशी निहारच म्हणाला, "ठोकळे आणून दे." बाईंनी लगेच एक खेळण्यातला ट्रक त्याच्या हाती दिला आणि पुलाला माल पोचवण्याचे काम सोपवले. ढकलाढकली झालीच, तर "सॉरी म्हण" हा आग्रह थांबवला. सक्तीचे सॉरी म्हणजे टोलनाका, पैसे फेकले की गाडी सुटली. त्याऐवजी पाडलेले पुन्हा उभे करायला हातभार लावायचा, असे ठरले.

घरी रोज दहा मिनिटे आई किंवा बाबांनी त्याच्या कलाने खेळायचे, सूचना न देता. तो जे बरे करील ते मात्र शब्दांत सांगायचे: "आजोबांचा फासा पडेपर्यंत तू थांबलास." आजोबांनी खरे खेळायचे. पहिल्याच संध्याकाळी त्याने पट उधळला. रागासाठी मी कासवाची युक्ती दिली; अमेरिकेतल्या वर्गांत ती १९७० च्या दशकापासून वापरली जाते. थांबायचे, हातपाय आत घ्यायचे, तीन मोठे श्वास घ्यायचे आणि मग बाहेर येऊन बोलायचे. आजी लगेच म्हणाल्या, "म्हणजे आपल्या देवळातलं." त्याला देवळात नेऊन गाभाऱ्यासमोरचे दगडी कासव त्यांनी दाखवले. सराव शांत असताना करायचा, भडकल्यावर नव्हे, हे मी बजावले होते. आजोबांनी त्यात भर घातली. सापाने गिळल्यावर तेच आधी मान खाली घालून कासव होऊ लागले.

व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गाला घालू का, असे बाबांनी विचारले होते. मी नको म्हणाले, कारण निहारची अडचण त्या कोपऱ्यात, त्या मुलांबरोबर होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत स्तर मानला आहे आणि त्या स्तरासाठीच्या २०२२ च्या अभ्यासक्रम आराखड्यात सामाजिक-भावनिक विकासाला स्वतंत्र स्थान आहे. तेव्हा हे वर्गाचेच काम आहे, जादा शिकवणीचे नाही.

सहा आठवड्यांत ढकलणे कमी झाले, थांबले नाही. गणपतीच्या सुट्टीनंतर पुन्हा वाढले आणि आई रडवेली होऊन आली. दिवाळीपर्यंत त्याला एक मित्र झाला, डबा उघडण्याआधी ज्याची वाट पाहावी असा. या वयात एक पुरतो. "आज कोणाला मारलं नाहीस ना?" असे विचारणारी आई आता "आज कोणाशेजारी बसलास?" असे विचारते.

मार्चमध्ये आम्ही पहिलीच्या नव्या बाईंसाठी एक चिठ्ठी तयार केली. मी तीन ओळी लिहिल्या: त्याला थोडा वेळ पाहू द्यावे, हातात पोचवण्याचे काही काम द्यावे, मोडले तर आधी बांधू द्यावे. चौथी ओळ आजोबांच्या सांगण्यावरून आईने जोडली: हरल्यावर तो कासव होतो, तेव्हा त्याला हाका मारू नयेत.