मोठी ऑर्डर आली, घ्यावी का?

प्रश्न : आमचा गट बेरोजगार महिलांना शिलाई शिकवतो आणि त्यांनी शिवलेल्या कापडी पिशव्या विकतो. देणगीवर सुरुवात झाली, ती वर्षभरात संपेल. एका कंपनीला 3,000 पिशव्या हव्यात. पण 10 टक्के सूट आणि 60 दिवसांची उधारी मागतात. काय करावं?

उत्तर : या अटींवर घेऊ नका. आधी एका पिशवीचा हिशेब मांडा. उदाहरणादाखल विक्रीची किंमत 100 रुपये धरू : कापड-दोरा 45, मजुरी 25, पॅकिंग-वाहतूक 10, वाया जाणारा माल 5. हातात 15 राहतात. भाडं, वीज, देखरेखीचा पगार मिळून महिन्याला 30,000 लागत असतील, तर 2,000 पिशव्या विकल्यावर तोंडमिळवणी होते. 10 ची सूट दिलीत की हातात 5 उरतात आणि तोच खर्च भागवायला 6,000 पिशव्या लागतात. नेहमीच्या विक्रीतून तो खर्च आधीच निघत असेल तर हे 5 वरकमाईच. पण एकदा दिलेला दर पुढच्या वेळीही मागितला जातो.

त्याहून मोठा धोका उधारीचा आहे. कापड महिनाभर आधी घ्यावं लागतं, मजुरी तर थांबवताच येत नाही. म्हणजे 85 च्या हिशेबाने 2,55,000 आधी बाहेर जातील आणि कापडाचा पैसा तीन महिने अडकेल. फायद्यात असलेले उपक्रमही इथेच बंद पडतात. म्हणून कापडापुरती 45 टक्के रक्कम आगाऊ मागा, माल 750-750 च्या चार हप्त्यांत द्या आणि एका हप्त्याचे पैसे आल्याशिवाय पुढचं कापड फाडू नका. मुदतही सैल घ्या. घाईत कुशल हातच मशीनवर बसतात आणि ज्यांच्यासाठी गट काढला त्या नव्या बायका मागे पडतात.

शिकण्याच्या काळात काम कमी निघतं, कापड जास्त वाया जातं. तो खर्च पिशवीवर न टाकता वेगळ्या रकान्यात लिहा. पुढची देणगी मागायची ती फक्त त्याच रकान्यासाठी.

प्रश्न : आम्ही चष्मे बनवून देतो. परवडणाऱ्यांकडून पूर्ण दर घेऊन गरजूंना फुकट देणं टिकतं का?

उत्तर : टिकतं, पण एका चष्म्यामागचा खर्च खाली आणला तरच. मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय 1976 मध्ये 11 खाटांवर सुरू झालं. पैसे देणाऱ्या रुग्णांच्या जोरावर तिथे मोफत शस्त्रक्रिया होतात हे खरं. पण कामाची विभागणी करून त्यांनी शस्त्रक्रियांची संख्या वाढवली आणि 1992 मध्ये शस्त्रक्रियेत डोळ्यात बसवायची भिंगं स्वतः बनवायला घेतली, तो भाग अनेक जण विसरतात. तुम्ही आधी फ्रेमचे प्रकार कमी करा आणि काचा एकगठ्ठा घ्या. फुकट चष्म्यांची संख्या मागच्या महिन्याच्या शिलकीवरून ठरवा.