काट्याची फाइल आणि उलटी तारीख

प्रश्न : मी पिंपळगाव बसवंतला कांद्याच्या खळ्यावर हिशेब बघतो. वजनकाट्याच्या कॉम्प्युटरमधून रोज एक टेक्स्ट फाइल मिळते : पावती नंबर, तारीख, गाडी, शेतकऱ्याचं नाव, वजन. ती एक्सेलच्या 'ओपन'मधून उघडताना मॅक्रो, म्हणजे तीच कामं पुन्हा आपोआप करणारी आज्ञावली, रेकॉर्ड केला. आता तो रोज पहिल्या दिवसाचीच फाइल उघडतो. वर तारखा उलटतात आणि ०००४१७ नंबरची पावती ४१७ होते. काय करू?
– एक वाचक, जि. नाशिक

उत्तर : मॅक्रो बिचारा सांगकाम्या. तुम्ही ज्या फाइलवर बोट ठेवलंत, तिचंच नाव त्यानं लिहून घेतलं. ऑल्ट-एफ११ दाबा, कोडमध्ये ते अवतरणचिन्हांत दिसेल. ते काढून 'डिर' ही आज्ञा वापरा. त्याला फोल्डरचा पत्ता दिला की पहिल्या फाइलचं नाव मिळतं, मग नुसतं 'डिर' म्हटलं की पुढचीचं. रिकामं उत्तर आलं की फाइली संपल्या. पण ते फक्त नाव देतं. उघडताना पत्ता तुम्हीच पुढे जोडायचा. बहुतेकांचं घोडं इथंच अडतं. घेऊन झालेल्या फाइली दुसऱ्या फोल्डरात हलवा, नाहीतर कालचा कांदा आज पुन्हा मोजला जाईल.

तारखेचं दुखणं जास्त वाईट. मॅक्रोतून 'ओपनटेक्स्ट' ही टेक्स्ट फाइल उघडण्याची आज्ञा चालवली की एक्सेल अमेरिकी पद्धतीनं महिना आधी धरतं. ०५/०४/२०२५ हा आपला ५ एप्रिल, त्याचा ४ मे. १२ तारखेपर्यंत सगळं गुपचूप उलटतं. १३ पासून तेरावा महिना सापडत नाही, म्हणून तारीख नुसता मजकूर होऊन रकान्याच्या डाव्या कडेला चिकटते. सातपूरला स्टोअरमध्ये असताना मी डावीकडच्या तेवढ्या तारखा दुरुस्त केल्या आणि पहिले बारा दिवस शहाण्यासारखे दिसतात म्हणून सोडून दिले. महिन्याची आवक जुळेना, तेव्हा साहेबांसमोर मान खाली.

'ओपनटेक्स्ट'च्याच 'फील्डइन्फो' या भागात रकान्यांचे प्रकार सांगा : पावती नंबराला २, म्हणजे मजकूर, तारखेला ४, म्हणजे दिवस-महिना-वर्ष. शून्यंही टिकतील. फाइलचं शेपूट सीएसव्ही असेल तर एक्सेल हे जुमानत नाही, तेव्हा टीएक्सटीच ठेवा. फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतातली असून मराठी नावांची अगम्य चिन्हं होत असतील, तर त्याच आज्ञेतल्या 'ओरिजिन'ला ६५००१ द्या. आणि मॅक्रो असलेली एक्सेलची फाइल एक्सएलएसएम म्हणून सेव्ह करा. एक्सएलएसएक्समध्ये मॅक्रो राहत नाही.

चाचणीला ४ एप्रिलची फाइल मात्र घेऊ नका. ती उलटली तरी सुलटीच दिसते.