वाचकांचे प्रश्न : रियुनियन बेटावर पॅराग्लायडिंग, डोंगर सांभाळू की समुद्र?

प्रश्न : कामशेतला पी-टू (पॅराग्लायडिंगच्या शिक्षणाचा दुसरा टप्पा) केलंय. पावसाळ्यात इकडे फ्लाइंग बंद असतं म्हणून जुलैमध्ये स्वतःची विंग (पॅराग्लायडरची छत्री) घेऊन रियुनियनला, हिंदी महासागरातल्या फ्रेंच बेटावर, जायचा विचार आहे. व्हिडिओत सेंट ल्यूचा टेकऑफ एकदम शांत दिसतो, वारा मऊ, खाली निळं लगून (पोवळ्यांच्या भिंतीआडचं उथळ पाणी). खरंच इतकं सोपं असतं का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : टेकऑफ सोपाच आहे रे, आणि लोक फसतात ते त्यामुळेच. आधी बेटाचा नकाशा उघड. मधोमध पितों दे नेज, ३,०७० मीटर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीला थोडाच कमी, आणि हे सगळं समुद्रापासून पंचवीसेक किलोमीटरच्या आत. जुलै म्हणजे तिकडे हिवाळा, कोरडा सीझन, चक्रीवादळांची भीती नाही (ती साधारण नोव्हेंबर ते एप्रिल), पण आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे नेमके याच महिन्यांत जोरात असतात. नदीतल्या धोंड्याला पाणी वळसा घालतं तसा हा वारा बेटाला दोन्हीकडून वळसा घालतो, कडेकडेने त्याचा स्पीड वाढतो आणि उरलेला वरून जातो. सेंट ल्यू पश्चिमेला, म्हणजे आडोशाला. तिथे समुद्रावरून हलकी झुळूक येते, उतार तापला की ती वर चढायला लागते, आणि तू टेकऑफ घेणार तो या झुळकीवर. मुख्य वारा तुझ्या पाठीमागे आणि डोक्यावर असतोच, फक्त टेकऑफला उभं राहून तो तुला जाणवत नाही.

कामशेतला टेकडीवरचा विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी) बघितला की बरंचसं कळतं, इथे त्याच्यावर भागत नाही. लांब समुद्रात बघायचं, किनाऱ्यालगत पाणी गुळगुळीत आणि पलीकडे पांढरा फेस दिसत असेल तर तिथे जोराचा वारा आहे आणि तो आत सरकू शकतो. वरचे ढग डोंगरावरून समुद्राकडे पळतायत आणि खाली झुळूक समुद्राकडून येतेय, असं दिसलं तर मधल्या थरात हवा घुसळलेली असणार, खूप वर चढायचा मोह आवर. आणि मस्त उडतोय म्हणून किनाऱ्याने दक्षिणेला सेंट पियरच्या दिशेने सरकत जाऊ नकोस, त्या बाजूला आडोसा संपतो. साधी विंग ट्रिमला (ब्रेक न ओढता) ताशी ३६ ते ४० किमी जाते, समोरून तेवढाच वारा आला की तू हवेत जागच्या जागी उभा, त्याहून जास्त आला की उलटा डोंगरामागच्या रोटरमध्ये, म्हणजे घुसळलेल्या हवेत.

वेळेचं म्हणशील तर सकाळी लवकर. सेंट ल्यूचा कोलिमासों हा टेकऑफ साधारण ८०० मीटरवर आहे, आणि दहाच्या आसपास उतारावर ढग जमायला लागतात, कधी टेकऑफच्या उंचीवरच. ढग वर ओढायला लागला की बिग इयर्स मार (विंगची दोन्ही टोकं ओढून दुमडायची, म्हणजे खाली उतरतोस), सोबत स्पीड बार (पायाने दाबून वेग वाढवायचा), आणि समुद्राच्या दिशेने बाहेर पड, डोंगराकडे वळायचं नाही. पितों मायदोसारख्या दोन हजार मीटरवरच्या जागा या ट्रिपला सोडून दे, असं माझं स्पष्ट मत. पहिले एक-दोन दिवस तिथल्या स्कूलच्या इन्स्ट्रक्टरबरोबर साइट ब्रीफिंग घेऊन, रेडिओ लावून उड. पैसे जातात, जाऊ देत.

प्रश्न : आम्ही मॉरिशसचे मराठी, रियुनियन आम्हाला अगदी शेजारी. आईला साठीनंतर टँडम (पायलटसोबत दोघांची फ्लाइट) करायचंय. करू द्यावं का?
– एक वाचक, वाकोआ

उत्तर : करू द्या की! वयापेक्षा गुडघे, पाठ आणि बीपी महत्त्वाचं, डॉक्टरांना विचारा आणि पायलटला काही न लपवता सांगा. टेकऑफला चार-पाच पावलं पळायचं असतं आणि मध्येच मटकन खाली बसायचं नसतं, हे आईंना घरीच सांगून ठेवा. फ्रान्सचा कायदा लागू असल्यामुळे पैसे घेऊन टँडम उडवणाऱ्याकडे सरकारी डिप्लोमा लागतो, बिनधास्त विचारा. सकाळचा पहिला स्लॉट घ्या आणि पायलट म्हणाला आज नाही, तर घासाघीस करू नका. ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये साहसी खेळ बरेचदा वगळलेले असतात, तेवढं बारीक अक्षरातलं वाचा.

प्रश्न : पाण्यात उतरावं लागलं तर? लगून उथळ असतं म्हणे, मग घाबरायचं काय?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : दादा, तुम्ही किनाऱ्यावरचे, पाण्याची भीती नसणार, पण इथे पोहता येण्याचा उपयोग कमी आणि बकल वेळेवर सुटण्याचा जास्त. हार्नेसच्या (विंगला लटकणाऱ्या आसनाच्या) पाठीतला फोम तरंगतो आणि माणसाला तोंडावर पाडतो, त्यात दोऱ्या पायात. त्यामुळे लँडिंग गाठता येत नाही हे कळलं की उंची असतानाच छातीचा पट्टा आणि एक पाय मोकळा करायचा, शेवटचा पट्टा अगदी पाण्याला टेकताना. आधीच उडी मारायची नाही, पाण्यावर उंचीचा अंदाज हमखास चुकतो, दोन मीटर वाटतं ते दहा निघतं. मग विंगपासून लांब सरकायचं, तिला वाचवत बसायचं नाही. हुक नाइफ (दोऱ्या कापायची सुरी) हाताला येईल अशा जागी हवी, आणि फुगवता येणारं लाइफ व्हेस्ट घाला.

लगून उथळ आहे खरं, पण खाली पोवळ्यांचे खडक आहेत, बूट काढू नका. आणि रीफला, म्हणजे त्या खडकांच्या भिंतीला, जिथे खिंड आहे तिथून पाणी बाहेर ओढतं. बाहेर गेलात तर शार्क, २०१३ पासून लगूनबाहेर पोहायला आणि सर्फिंगला बरीच बंधनं आहेत ती उगाच नाहीत. लँडिंग केलोनिया या कासवांच्या केंद्राजवळ किनाऱ्यालाच आहे, म्हणून त्यावर पुरेशी उंची घेऊनच यायचं, समुद्रावर लांब फेरी मारून ऐनवेळी परतायचं नाही, कारण तोवर वारा फिरलेला असू शकतो. समुद्रातल्या मदतीसाठी १९६, बाकी सगळ्यासाठी ११२, फोन वॉटरप्रूफ पाउचमध्ये छातीशी ठेवा, बॅगेत नको.