कंपनीचं ‘व्हिजन’ आणि ‘मिशन’: मराठीत काय लिहावं?

प्रश्न: यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या कार्यालयाला नवा फलक लावायचा आहे. प्रकल्प अहवाल करून देणाऱ्यांनी ‘व्हिजन’खाली ‘शेतकऱ्यांच्या सर्वांगीण विकासासाठी कटिबद्ध असलेली जागतिक दर्जाची अग्रगण्य संस्था बनणे’ असं लिहून दिलं आहे. ‘मिशन’खालीही शब्द फिरवून तेच आहे. सभासद विचारतात, दोन्हीत फरक काय? या दोहोंना मराठीत काय म्हणावं: दृष्टी, ध्येय, उद्देश, उद्दिष्ट की अभियान? आणि ‘दृष्टिकोन’मधला ‘ष्टि’ ऱ्हस्व की दीर्घ?

उत्तर: सभासदांची शंका रास्त आहे. दोन्ही वाक्यांची अदलाबदल केली आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही, तर एकाही वाक्याने आपलं काम केलेलं नाही. मिशन म्हणजे आपण कशासाठी एकत्र आलो आणि दर हंगामात काय करतो. व्हिजन म्हणजे ते काम नेटाने करत राहिलो तर ठरावीक मुदतीनंतर आपल्या गावात काय दिसेल. पहिल्यात आजचं काम मांडायचं, दुसरं भविष्यकाळात लिहायचं. मराठी शब्द निवडताना हा फरक सांभाळणारा शब्द हवा.

आधी मिशन. शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे आणि अर्थ ‘पाठवणे’. सोळाव्या शतकात जेझुइट या ख्रिस्ती पंथाने धर्मकार्यासाठी माणसं दूरदेशी पाठवली, तेव्हा तो त्या कामाला चिकटला. आपल्याकडे तो मिशनच्या दवाखान्यांतून आणि शाळांतून आला, मग सरकारी योजनांतून. सरकारने त्याचं मराठी ‘अभियान’ केलं. राष्ट्रीय आरोग्य अभियान आहे, बचत गटांच्या ‘उमेद’चं पूर्ण नावही महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान असं आहे. योजनेला हा शब्द शोभतो. अभियान म्हणजे चाल करून जाणं, मोहीम. मोहिमेला सुरुवात असते, शेवट असतो. तुमच्या कंपनीचं काम मात्र दर मोसमात पुन्हा उभं राहणारं आहे, ते कधी ‘फत्ते’ होत नाही. म्हणून इथे अभियान नको.

‘उद्देश’ अर्थाने जवळचा आहे, पण त्याची जागा कायद्याने आधीच घेतली आहे. कंपनीच्या घटनापत्रकात उद्देश कलम असतं. नोंदणीच्या वेळी लिहून दिलेले उद्देश तेच, आणि कंपनीला त्यांच्याबाहेर जाता येत नाही. फलकावर वेगळा ‘उद्देश’ लिहिला की कोणता खरा, असा घोळ होणार. ‘उद्दिष्ट’ त्याच धातूपासून आलेला, ‘दाखवून दिलेलं’ अशा अर्थाचा शब्द. पण गावात तो वसुलीचं उद्दिष्ट, लागवडीचं उद्दिष्ट असा मार्चअखेरच्या आकड्याशी जोडला गेला आहे. तो तिथेच राहू द्या, वार्षिक आराखड्यात उपयोगी पडेल. मिशनसाठी मी ‘कार्य’ लिहीन, किंवा सरळ ‘आपलं काम’. वार्षिक सभेत मागच्या रांगेत बसलेल्यालाही ते समजावून सांगावं लागत नाही.

व्हिजनचा शब्द अवघड आहे. ‘दृष्टी’ किंवा ‘दूरदृष्टी’ बहुतेक फलकांवर दिसतं. अडचण अशी की मराठीत दृष्टी ही पाहण्याची शक्ती आहे, पाहिलेली गोष्ट नव्हे. ‘अमक्याला दूरदृष्टी आहे’ हे मराठी झालं. ‘आमची दूरदृष्टी: अग्रगण्य संस्था बनणे’ हे जुळत नाही. इंग्रजीतला तो एक शब्द नजर आणि नजरेला पडलेलं दृश्य असे दोन्ही अर्थ पेलतो. आपली दृष्टी यातला एकच पेलते.

‘ध्येय’ हा थोर शब्द आहे. संस्कृतात धातूला ‘य’ लागून ‘करण्याजोगं’ किंवा ‘करायला हवं’ असा अर्थ देणारे शब्द होतात: ध्येय म्हणजे ज्याचं ध्यान करावं ते, लक्ष्य म्हणजे ज्यावर नेम धरावा ते, साध्य म्हणजे जे साधता येईल ते. ध्येय जन्मभर डोळ्यांपुढे ठेवावं आणि पूर्ण झालं नाही तरी चालावं, अशी मराठीची धारणा आहे. ‘ध्येयवादी’ माणसाला आपण हिशेब विचारत नाही. पण सभासदांनी भागभांडवल भरलेल्या कंपनीला हिशेब विचारलाच पाहिजे. म्हणून तुमच्या वाक्यात ध्येयापेक्षा साध्याचा गुण यायला हवा.

माझा कौल ‘संकल्पचित्र’ या शब्दाला आहे. तो मी घडवलेला नाही. पाटबंधारे आणि बांधकाम खात्यात तो रोजचा आहे. धरणांचे आराखडे करणाऱ्या नाशिकच्या कार्यालयाचं नावच मध्यवर्ती संकल्पचित्र संघटना असं आहे. धरणाच्या संकल्पचित्रात भिंतीची उंची असते, पायाचा खडक असतो, किती पाणी मावेल याचं गणित असतं, आणि ते नेमक्या एका जागेसाठी काढलेलं असतं. कंपनीचं व्हिजनही तसंच आपल्या जमिनीवर बेतलेलं आणि मोजमापासह असावं. जिम कॉलिन्स आणि जेरी पोरास या अमेरिकी अभ्यासकांनी १९९६ मध्ये व्हिजनचे दोन भाग सांगितले: न बदलणारा गाभा, आणि डोळ्यांपुढे उभं राहील असं वर्णन केलेलं भविष्य. त्या दुसऱ्या भागासाठी ‘चित्र’ हाच शब्द योग्य वाटतो. मात्र त्यांनी सांगितलेली १० ते ३० वर्षांची मुदत आपल्याला लांब पडते. उत्पादक कंपनीच्या कायद्यात संचालकाची मुदत किमान १ आणि जास्तीत जास्त ५ वर्षं आहे. ज्यांनी चित्र काढलं त्यांनाच सभेपुढे जाब देता यावा, म्हणून मुदतही ५ वर्षांच्या आतली धरावी.

आता मोजमाप म्हणजे काय ते बघू. शब्दापेक्षा या भागाला जास्त वेळ द्या. समजा तुमचे ४०० सभासद आहेत आणि प्रत्येकाची विक्रीची तूर ५ क्विंटल. एकूण २००० क्विंटल झाली. भाव ७००० रुपये धरला तर सगळी तूर विकत घ्यायला १ कोटी ४० लाख लागतील. सभासदांनी प्रत्येकी १००० रुपये भरले असतील तर भागभांडवल ४ लाख. केंद्राची १०,००० उत्पादक संघटनांची योजना २०२० पासून आहे. त्यात सभासदाच्या भागाइतकंच अनुदान मिळतं, प्रत्येकी २००० रुपयांपर्यंत आणि एका कंपनीला १५ लाखांपर्यंत. ते धरून ८ लाख होतात. ८ लाखांत एका वेळी ११४ क्विंटल तूर येते. व्यापाऱ्याचे पैसे १० दिवसांत आले आणि तेच पैसे पुन्हा खरेदीला लावले, तर ९० दिवसांच्या हंगामात नऊ फेऱ्या होतील. म्हणजे हजार क्विंटलच्या थोडं वर. बारदाना, हमाली आणि वाहतूक अजून यात धरलेलीच नाही. ‘सभासदांची सगळी तूर कंपनीच खरेदी करेल’ असं वाक्य या कंपनीला पेलणार नाही. ‘निम्मी’ पेलेल, तेही पैसा अडकला नाही तर.

‘तुरीची डाळ करून विकू’ म्हटलं की मात्र पैसा अडकतोच. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली मिनी डाळ मिल गावात बसते, १०० किलो तुरीतून ७० किलोच्या आसपास डाळही निघते. पण विकत घेतलेली तूर डाळ होऊन विकली जाईपर्यंत ते पैसे पुढच्या कास्तकाराच्या तुरीला मिळत नाहीत. यातून वाट आहे. तूर सभासदाचीच ठेवून कंपनीने मजुरी घेऊन डाळ करून द्यावी. खरेदीचं भांडवल लागत नाही, मशीन चालू राहते, डाळ घरच्या खाण्याला आणि विक्रीलाही होते. ज्यांना लगेच विकायचंच नाही, त्यांच्यासाठी बाजार समितीतर्फे चालणारी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून आहे. त्यात मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं. हे सगळं मांडून झाल्यावरच वाक्य लिहायला बसावं.

फलकावर असं लिहिता येईल:

आपलं काम: सभासद कास्तकारांची तूर गावातच मोजणे, चाळणे, एकत्र विकणे आणि पै-पैचा हिशेब सभेत मांडणे.

आपलं संकल्पचित्र: २०३० च्या हंगामात सभासदांची निम्मी तूर कंपनीच्या काट्यावर मोजली जाईल, चुकारा ७ दिवसांत खात्यात जमा होईल, आणि ज्याला डाळ हवी त्याला ती गावातच करून मिळेल.

आकडे तुमचे घाला. पण दोन वाक्यांचं नातं तपासून पाहा: संकल्पचित्रातली प्रत्येक गोष्ट वरच्या कामातून निघाली पाहिजे. इथे पहिल्या दोन गोष्टी मोजण्यातून आणि विकण्यातून निघतात, डाळ मात्र निघत नाही. म्हणून ‘एकत्र विकणे’च्या आधी ‘मागणीप्रमाणे डाळ करून देणे’ हे शब्द घालावे लागतील. चित्रात काही नवं आलं आणि कामात त्याचा पत्ता नसला, तर एक तर काम वाढवा, नाहीतर चित्रातून ते काढा. ‘जागतिक दर्जा’ आणि ‘सर्वांगीण विकास’ या कसोटीवर लगेच गळतात, कारण तूर मोजणाऱ्या कुठल्याच कामातून ते निघत नाहीत. कंपनीच्या आवाक्याबाहेरची गोष्टही चित्रात नको. भाव दुप्पट होईल असं लिहू नका, भाव तुमच्या हातात नाही. काटा आणि चुकारा आहे.

यातले दोन शब्द मुद्दाम ठेवले आहेत. ‘कास्तकार’ हा आपल्या भागातला रोजचा शब्द, फारसीतून आलेला. फलक गावासाठी आहे, तर गावात जो शब्द चालतो तोच त्यावर हवा. ‘चुकारा’ म्हणजे विकलेल्या मालाचे मिळालेले पैसे. ‘देयक अदायगी’ असा शब्द अहवालात आला तरी फलकावर चुकाराच ठेवा. १९७२ पासूनच्या कापूस एकाधिकार खरेदीच्या काळापासून विदर्भातल्या कित्येक घरांनी या शब्दाची वाट पाहिली आहे. ‘चुकारा ७ दिवसांत’ यात काय वचन दिलं आहे, ते इथे प्रत्येकाला कळतं. ‘लाभार्थी’ हा शब्द मात्र कुठेही येऊ देऊ नका. कंपनी सभासदांची आहे, एकाला एक मत आहे.

सगळ्यात वर एखादी जोरकस ओळ हवीच असेल तर तिला ‘ब्रीद’ म्हणा. बिरुदापासून आलेला हा शब्द आकड्यांच्या कसोटीतून मोकळा आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाचं ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ हे त्याचं उत्तम उदाहरण. त्या ओळीत एकही आकडा नाही. पण खाली काम बांधलेलं होतं: निर्णय सर्वसहमतीने, जंगलाचा अभ्यास, मग २००९ मध्ये सामूहिक वनहक्क आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती. तुमचं ब्रीद अजून सुचलं नसेल तर ती जागा रिकामी सोडा, दुसऱ्याचं उचलू नका.

बँकेच्या किंवा योजनेच्या अर्जात रकान्याला ‘व्हिजन’ आणि ‘मिशन’ हीच नावं असतील, तर तिथे तीच राहू द्या आणि खाली हीच दोन वाक्यं लिहा. अर्जासाठी वेगळं आणि गावासाठी वेगळं असं करू नका.

शेवटी ऱ्हस्व-दीर्घ. १९६२ च्या लेखननियमांनुसार शब्दाच्या शेवटी आलेला इकार दीर्घ, म्हणून ‘दृष्टी’ आणि ‘दूरदृष्टी’ दीर्घ. समासात हा तत्सम शब्द आधी आला की मूळचा ऱ्हस्व परत येतो, म्हणून ‘दृष्टिकोन’ आणि ‘दृष्टिक्षेप’ ऱ्हस्व. ‘कोन’मधला न नळातला, बाणातला नाही.