ड्रॉवर आत ढकलला की फायबरमधली लाइट का जाते?

प्रश्न : सर, आयटीआय करून दोन वर्षं झाली, फायबरच्या कामाला जातो. गेल्या महिन्यात एका कॉलेजच्या सर्व्हर रूममध्ये २४ कोरचा (काचेच्या २४ तारांचा) एलआययू, म्हणजे फायबर जोडायची पेटी, बसवला, १यू (रॅकच्या एका खणाएवढा), ड्रॉवरवाला. जॉइंट मारायच्या मशीनवर सगळ्या जॉइंटचं नुकसान ०.०१ नाहीतर ०.०२ डीबी आलं. ड्रॉवर बाहेर असताना सगळं ओके, पण आत ढकलून स्क्रू लावले की १३ ते १८ नंबरच्या पोर्टची लाइट पडते. ते सहाही जॉइंट तीनदा तोडून परत मारले तरी तेच. सीनियर म्हणतात मशीन गेलंय. काय करू?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी एक कर, ते जॉइंट आता परत तोडू नकोस. दर वेळी कोर थोडी थोडी कमी होत जाते आणि शेवटी जॉइंट ठेवायच्या ट्रेमध्ये फिरवायलाच उरत नाही, मग खरी पंचाईत.

तुझ्या प्रश्नातच उत्तर आहे बघ. १३ ते १८. तुझ्या केबलमध्ये सहा-सहा कोरच्या चार ट्यूब असणार, रंगाच्या क्रमाने निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी. म्हणजे १३ ते १८ ही पूर्ण हिरवी ट्यूब झाली! जॉइंट खराब असते तर एखादा इथला गेला असता एखादा तिथला, एकाच ट्यूबचे सहाच्या सहा आणि तेही फक्त ड्रॉवर आत गेल्यावर, असं होत नाही. त्यामुळे दोष ट्रेमध्ये नाहीच, कोर ट्यूबमध्येच आहे त्या टप्प्यात आहे, म्हणजे मागचा क्लॅम्प ते ट्रेचं तोंड यामध्ये.

आता तिथे काय होतंय. केबलचा क्लॅम्प मागच्या न हलणाऱ्या पत्र्यावर आहे का बघ. असेल तर ड्रॉवर बाहेर काढला की ट्यूब सरळ ताणलेल्या असतात, म्हणून सगळं छान दिसतं, आणि आत ढकलला की तेवढीच लांबी मागच्या जागेत मावायला पाहिजे, ती मावत नाही आणि सगळ्यात आतल्या बाजूची ट्यूब काटकोनात मोडते. बाकीच्या तिघींना वळायला जागा मिळाली, हिरवीला मिळाली नाही. त्यात ट्रेच्या तोंडाशी झिप टाय करकचून ओढली असेल तर ती तिथे सरकतही नाही.

सीनियरना पटवायचं असेल तर लाइट सोर्स (लाइट सोडणारं) आणि पॉवर मीटर (लाइट मोजणारं यंत्र) घेऊन जा. १४ नंबरची कोर १३१० नॅनोमीटर तरंगलांबीवर मोज, मग १५५० वर, दोन्ही वेळा ड्रॉवर उघडा आणि बंद. बंद केल्यावर १३१० वर थोडं पडलं आणि १५५० वर बरंच जास्त पडलं तर तो बेंडच, कारण वाकलेल्या काचेतून १५५० ची लाइट लवकर बाहेर निसटते. खराब जॉइंट किंवा घाण असेल तर दोन्हीकडे साधारण सारखंच नुकसान दिसतं. आणि मशीनचा ०.०२ हा आकडा म्हणजे कॅमेऱ्याने जॉइंट बघून बांधलेला अंदाज असतो रे, नंतर तू ती कोर कुठे कशी ठेवलीस हे मशीनला कसं कळणार.

दुरुस्तीला जाताना कॉलेजला वेळ ठरवून सांग, बाकीच्या १८ कोरवर लोकांची कामं चालू असतील. ड्रॉवर हळू ओढ. सगळ्या झिप टाय काप आणि वेल्क्रो लाव, तोही सैल. चारही ट्यूबचा मागे एक मोठा वळसा ठेव, ड्रॉवर आतबाहेर केला की तो वळसाच लहानमोठा झाला पाहिजे, ट्यूब कुठे घासता कामा नये. हे पाच-सहा वेळा हाताने करून डोळ्यांनी बघ, घाई करू नकोस. हिरव्या ट्यूबवर मोड पडून पांढरट खूण आली असेल तर तिच्यावर भरवसा ठेवू नकोस, ती परत तिथेच मोडते. तेवढा भाग काढून ते सहा जॉइंट शेवटचे एकदा मार. त्यासाठी लागणारी लांबी रॅकच्या बाहेर गुंडाळून ठेवली असशील अशी आशा आहे, निदान दोन-तीन मीटर तरी ठेवावीच.

ट्रेमध्ये साध्या जी.६५२ प्रकारच्या कोरचा वळसा छोट्या वाटीच्या तोंडापेक्षा लहान नको, त्रिज्या ३० मिमी धर. पिगटेल (एका टोकाला कनेक्टर असलेली छोटी कोर) जी.६५७ ची, म्हणजे वाकणं सहन करणाऱ्या प्रकारची असेल तर ती १० मिमीपर्यंत सहन करते, पण बाहेरून आलेली केबल तशी असेलच असं नाही, म्हणून मोठाच वळसा घाल. आणि केबलच्या मधली ती एफआरपीची (काचतंतू आणि प्लास्टिकची) कडक काडी, ती क्लॅम्पच्या स्क्रूखाली घट्ट धरलीच पाहिजे. बरेच जण ती कापून टाकतात आणि केबलचा सगळा भार ट्यूबवर येतो, मला हे बघून फार वाईट वाटतं कारण दोन मिनिटांचं काम असतं ते. केबल आर्मर्ड (धातूचं कवच असलेली) असेल तर आर्मरला अर्थिंगही दे.

प्रश्न : आमच्या शाळेच्या लॅबमध्ये फायबरची पॅचकॉर्ड (दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली छोटी वायर) बदलली. जुनी निळ्या टोकाची होती, दुकानात हिरव्या टोकाची मिळाली, नीट बसली पण नेट सारखं तुटतं. दोन्हीत फरक असतो का?
— एक शिक्षिका, चिपळूण

उत्तर : ताई, मोठा फरक असतो. निळं म्हणजे यूपीसी, सपाट टोकाचं, हिरवं म्हणजे एपीसी, त्याचं काचेचं टोक ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं. एससी टाइप (चौकोनी कनेक्टर) असेल तर दोन्ही एकमेकांत बसतात, म्हणूनच फसायला होतं, पण आत सपाट टोकाला तिरकं टोक भिडतच नाही, मध्ये फट राहते, लाइट कमी जाते आणि परतही फिरते. हिरवी आधी काढा. जुनी टोकं दोन्ही बाजूंनी निळी होती का आणि केबलचा रंग कोणता, पिवळा की नारिंगी की आकाशी, हे बघून तशीच आणा, कारण पिवळी सिंगलमोड (बारीक कोरची) असते आणि बाकीच्या दोन मल्टिमोड (जाड कोरच्या), त्यांची अदलाबदल चालत नाही.

नवीन लावताना टोकावर फुंकर मारू नका, पदराने पुसू नका. क्लीनिंग पेन मिळतं, ते नसेल तर धागे न सुटणारा वाइप आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. सिंगलमोडमध्ये काचेच्या तारेतला लाइट जाणारा मधला भाग, म्हणजे कोर, जेमतेम ९ मायक्रॉनची, आपला केस त्याच्या कितीतरी पट जाड, त्यामुळे बोटाचा एक ठसासुद्धा पुरतो. रिकाम्या पोर्टना टोप्या लावा. मुलांना दाखवायला म्हणून टोक डोळ्यासमोर धरू नका, ही लाइट डोळ्याला दिसत नाही पण लागू शकते.

तुमच्याकडचा पाऊस बघता न विचारलेलं एक सांगतो. बाहेरची केबल भिंतीतून थेट रॅकमध्ये उतरत असेल तर पाणी तिच्यावरून ओघळत आत येतं. भोकाच्या आधी बाहेरच केबलला खाली एक झोळ द्यायला सांगा, पाणी तिथेच ठिबकून जाईल.