‘शिपिंग इंटेलिजन्स’ म्हणजे काय?

प्रश्न असा आला आहे: एकोणिसाव्या शतकातल्या एका इंग्रजी वर्तमानपत्रात ‘शिपिंग इंटेलिजन्स’ असं सदर दिसलं. ही आरमाराची हेरगिरी होती का? आणि असेल तर ती उघडपणे पेपरात कशी छापत?

हेरगिरीचा इथे काही संबंध नाही. ‘इंटेलिजन्स’ म्हणजे इथे निव्वळ बातमी. ‘शिपिंग इंटेलिजन्स’ म्हणजे जहाजांची खबरबात. सदरातल्या ओळी वाचल्या की लगेच उलगडा होतो: जहाजाचं नाव, कप्तानाचं आडनाव, कुठल्या बंदरातून आलं, कधी निघणार, उतारू कोण. आफ्रिकेला वळसा घालून शिडाचं जहाज इंग्लंडहून मुंबईला यायला चार-चार महिने लागत. ज्याचा माल किंवा ज्याचं माणूस त्या जहाजावर असेल, तो पेपर हातात पडताच आधी हेच सदर उघडत असणार.

शब्द मुळात लॅटिन, ‘समजणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला. समजण्याची शक्ती ती इंटेलिजन्स आणि जे समजलं, कळलं, तीही इंटेलिजन्स. दुसरा अर्थ इंग्रजीत पंधराव्या शतकापासून आहे. शेक्सपिअरचा मॅकबेथ चेटकिणींना ‘ही विलक्षण इंटेलिजन्स तुम्हाला कुठून मिळाली’ असं विचारतो, तेव्हा त्यांच्या बुद्धीची चौकशी करत नसतो. त्याला म्हणायचंय, ही खबर आणलीत कुठून? लंडनमध्ये 1663 साली रॉजर लेस्ट्रेंजने दोन वृत्तपत्रं काढली. एकाचं नाव ‘द इंटेलिजन्सर’, दुसऱ्याचं ‘द न्यूज’. दोन्ही नावांचा रोख एकच. अमेरिकेत सिएटलचं ‘पोस्ट-इंटेलिजन्सर’ तर 2009 पर्यंत कागदावर छापलं जात होतं.

मग हेरगिरीचा अर्थ आला कुठून? तो नंतर चिकटलेला नाही, पहिल्यापासून शेजारीच नांदत होता. आणि हे मराठी माणसाला कुणी समजावून सांगायला नको. आपल्या ‘खबर’ शब्दाकडे बघा. ‘काय खबर?’ हा साधा प्रश्न, पण ‘खबऱ्या’ म्हटलं की पोलिसांना गुपचूप माहिती पुरवणारा डोळ्यांसमोर येतो. याच ‘खबर’चं अरबी अनेकवचन ‘अखबार’, आणि 1840 मध्ये निघालेल्या एका मराठी पत्राचं नावच ‘मुंबई अखबार’ होतं. म्हणजे एकाच शब्दातून छापखानाही निघाला आणि पोलीस चौकीतला माणूसही. मला हे साम्य फार आवडतं, कारण दोन्ही भाषा एकमेकींकडे न बघता त्याच वाटेने गेल्या. दूरची गोष्ट कुणीतरी जाऊन आणल्याशिवाय कळत नसे. ती चव्हाट्यावर सांगितली की बातमी, सरदाराच्या कानात सांगितली की हेरगिरी.

इंग्रजीत पुढे ‘न्यूज’ने वर्तमानपत्रं व्यापली आणि ‘इंटेलिजन्स’कडे सरकारी गुप्त खाती व बुद्धिमापन एवढंच उरलं. आता कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे तर बुद्धी सोडून दुसरा अर्थ चटकन सुचतच नाही, म्हणून जुनं पान वाचताना ठेच लागते.

ओळखायची खूण शेजारच्या क्रियापदात असते. इंटेलिजन्स ‘आली’, ‘पोहोचली’, ‘मिळाली’ असं असेल तर ती बातमी. एखाद्याची इंटेलिजन्स ‘तल्लख’ असेल तर ती बुद्धी. जुन्या मजकुरात ‘मेलंकली इंटेलिजन्स’ असा जोड वारंवार भेटतो. त्याचं ‘खिन्न बुद्धिमत्ता’ असं भाषांतर मी छापील पुस्तकात वाचलंय आणि अजून ते मनातून जात नाही. कुणाच्या तरी घरी मुलगा गेल्याचा निरोप आलेला असतो, आणि आपण वाचतो भलतंच. तिथे ‘दुःखद वार्ता’ हवं.