सिम्युलेशन बरोबर, मग एंडमिल का मोडली?

प्रश्न : नमस्कार सर, माझं छोटं डेस्कटॉप मिलिंग मशीन आहे, जीआरबीएल कंट्रोलरवालं (मोटर्स चालवणारं सॉफ्टवेअर), होमिंग स्विच (मशीनला आपली मूळ जागा कळवणारे) नाहीत. फ्युजन या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये सिम्युलेशन एकदम मस्त चालतं. पोस्टच्या (कंट्रोलरला कळेल अशी फाईल लिहिणारे प्रोग्राम) यादीत माक ३ (वेगळा एक कंट्रोलर) हे नाव ओळखीचं वाटलं म्हणून तेच निवडलं. जॉब (कापायचा तुकडा) न लावता ट्राय केलं तर सुरुवातीलाच एरर २०, मग ज्या लाईनवर अडतंय ती उडवत गेलो. एरर गेले. नंतर जॉब बांधला, झीरो (मोजणीची सुरुवात) घेतला, स्टार्ट दिलं आणि झेड (वर-खाली जाणारा अक्ष) वर जायचा सोडून सरळ खाली जॉबमध्ये. ३ मिमीची एंडमिल (कापणारं टूल) गेली. मशीनमध्ये फॉल्ट आहे का?

उत्तर : मशीन बिचारं सांगितलं तेच करतंय. एक अंदाज सांगतो, एंडमिल मोडली तेव्हा स्पिंडल (टूल फिरवणारी मोटर) फिरायलाही लागला नव्हता, बरोबर ना? कारण त्या पोस्टच्या फाईलमध्ये अगदी वरतीच 'जी२८ जी९१ झेड०' अशी लाईन येते आणि स्पिंडल चालू करणारा एम३ तिच्या खाली असतो. तुम्ही उडवलेल्या लाईन्स वेगळ्याच, खरी भानगड या न अडलेल्या लाईनीत आहे.

जी२८ म्हणजे साठवून ठेवलेल्या जागी जा. ती जागा तुम्ही कधी सेट केली नसेल तर जीआरबीएल मशीन झीरो धरतं, आणि होमिंग नसलेल्या मशीनचा मशीन झीरो म्हणजे चालू करताना टूल जिथे होतं ती जागा. समजा चालू केलं तेव्हा टूल बेडजवळ होतं, मग जॉब बांधायला तुम्ही झेड ३० मिमी वर घेतला, तर जी२८ त्याला ते ३० मिमी परत खाली नेणार, तेही रॅपिडने, म्हणजे पूर्ण वेगात, मध्ये जॉब आहे की क्लॅम्प हे त्याला काय माहीत. पहिल्या ट्रायलला काही झालं नाही कारण तेव्हा झेड बहुतेक चालू केल्यापासून हललाच नव्हता.

आता एरर २० चं. याचा अर्थ ही कमांड मला येत नाही, एवढाच. 'टी१ एम६' म्हणजे टूल चेंज, ती साध्या जीआरबीएलला येत नाही, एकच टूल असेल तर खुशाल उडवा. पण 'जी४३ झेड१५ एच१' वर अडलं आणि तुम्ही अख्खी लाईन काढली असेल तर त्यातला झेड१५ पण गेला ना! टूल उचलायची सूचनाच गेली. तिथे 'जी० झेड१५' ठेवायला हवं होतं. तसंच जी२८ च्या खालचा जी९० चुकून उडाला तर पुढचा सगळा प्रोग्राम इन्क्रिमेंटलमध्ये, म्हणजे प्रत्येक आकडा आहे त्या जागेपासून मोजत, चालेल, मग काय होईल ते सांगायला नको.

पण हाताने फाईल दुरुस्त करत बसू नका, मी पण सुरुवातीला तेच करायचो आणि प्रत्येक नव्या फाईलला काहीतरी राहून जायचं. जीआरबीएलचीच पोस्ट घ्या आणि तिच्या सेटिंगमध्ये सेफ रिट्रॅक्टला (टूल वर उचलायची पद्धत) जी२८ ऐवजी क्लिअरन्स हाईट (जॉबच्या वरची सुरक्षित उंची) निवडा. फाईल उघडून वरच्या वीस लाईन्स वाचा, शेवटच्या पाच-सहा पण, कारण जी२८ शेवटीही येतो. स्टार्टआधी झेड हाताने क्लॅम्पच्या वर घेऊन ठेवा, कारण पहिली एक्स-वाय हालचाल बऱ्याचदा झेड आहे त्याच उंचीवर होते. डॉलर सी टाइप करून फाईल पाठवली की मशीन न हलता पूर्ण फाईल चेक होते, मात्र त्यात न कळणाऱ्या कमांड सापडतात, चुकीच्या जागी नेणारा जी२८ नाही सापडत.

प्रश्न : माक ३ वर साधं छोटं गोल पॉकेट काढतोय, स्क्रीनवर मात्र भलीमोठी वर्तुळं दिसतात.

उत्तर : आय-जे चा, म्हणजे वर्तुळाचं केंद्र सांगणाऱ्या आकड्यांचा घोळ. केंद्र एक्स५० वाय५० आणि टूल एक्स६० वाय५० वर असेल तर इन्क्रिमेंटलमध्ये पोस्ट 'आय-१० जे०' लिहिते, म्हणजे टूलपासून १० मिमी डावीकडे केंद्र. कंट्रोलर अॅब्सोल्यूट मोडमध्ये (आकडे झीरोपासून मोजणाऱ्या) असेल तर तो केंद्र एक्स-१० वाय० ला समजतो आणि १० ची त्रिज्या थेट ८६ होते. जनरल कॉन्फिगमध्ये आय-जे मोड इन्क करा. स्क्रीनवर दिसलं ते बरं झालं, मटेरियलवर नाही.

प्रश्न : ८० मिमीचा पार्ट जेमतेम ३ मिमीचा कापला गेला!

उत्तर : ८० भागिले २५.४ करून बघा, ३.१५ येतं. फाईल इंचात निघालीय आणि मशीन ते आकडे मिमी समजून चालतंय. वरती जी२० (इंच) आहे का बघा, नसेल तर पोस्ट युनिट लिहीतच नाहीये. आउटपुट मिमीमध्ये घ्या आणि जी२१ (मिमी) आलाय याची खात्री करा.